घरच्या बिअरसाठी पीएच मीटर कोणता घ्यावा? पाणी खडूच्या खडकातलं आहे

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सातारचा, सध्या इंग्लंडात रेडिंगला. इथे घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला, विकायची नाही एवढंच बंधन. गॅरेजमध्ये विजेवर चालणारा हंडा, मॅशसाठी, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवायला, झाकणाचा कूलबॉक्स आणि दोन फर्मेंटर आहेत. एका खेपेला साधारण २३ लिटर करतो. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, बहुतेक वेळा मॅरिस ऑटर जातीची.

अडचण अशी आहे. स्टाउट आणि पोर्टर या काळ्या बिअर छान होतात, शेजारी मागून नेतात. पण फिकट रंगाचं काही करायला घेतलं, पेल एल म्हणा, गोल्डन एल म्हणा, की घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला तुरटपणा राहतो, चहा जास्त उकळला की राहतो तसा. हॉप्स बदलून पाहिले, यीस्ट बदललं, काही फरक नाही. इथलं पाणी खडूच्या खडकातून येतं, किटली घासून ठेवली तरी लगेच पांढरा थर धरतो. म्हणून माझा संशय पाण्यावर आणि मॅशच्या पीएचवर आहे.

सध्या कागदी पट्ट्या वापरतो. वर्टचा, म्हणजे मॅशमधून निघणाऱ्या गोड रसाचा, स्वतःचाच रंग पट्टीवर चढतो, मग ५.२ चा चौकोन आणि ५.६ चा चौकोन यांतला फरक कळत नाही. आणि मला हवी आहे ती माहिती नेमकी त्या दोन चौकोनांच्या मधलीच.

तर मीटर घ्यायचा आहे. एक दशांश पुरे की दोन हवेत? ऑटोमॅटिक टेंपरेचर कॉम्पेन्सेशन म्हणजे एटीसी असलेला मीटर सरळ ६६ अंशांच्या मॅशमध्ये बुडवता येईल का? पेनासारखा एकसंध घ्यावा की वायरीवरच्या वेगळ्या प्रोबचा? दुकानात दहा-पंधरा पौंडांचा पिवळा पेनही आहे आणि त्याच्या दसपट किमतीचेही आहेत. पैसे खर्चायची तयारी आहे, पण कशावर खर्चायचे ते कळायला हवं. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

विस्कॉन्सिनकर

रेडिंगकर, पिवळ्या पेनाचा विचार सोडून द्या. आमच्या इथल्या ब्रूइंग क्लबात दोघातिघांकडे तसले पेन आहेत. सकाळी ७ च्या बफरला (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाला) लावायचे आणि दुपारी त्याच बफरमध्ये ७.३ बघायचं. पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून ते दोन्ही खरे असतात असं नाही. डब्यावर दोन वेगळे आकडे छापलेले असतात: रिझोल्यूशन आणि अ‍ॅक्युरसी. पहिला म्हणजे मीटर किती बारीक आकडा दाखवतो, दुसरा म्हणजे तो आकडा खऱ्यापासून किती दूर असू शकतो. बघायचा दुसरा.

मी जे हाताळले आहेत तेवढ्यांबद्दलच लिहितो.

मिलवॉकी एमडब्ल्यू १०२. हा तळहाताएवढा डबा, त्याला वायरीवर पीएचचा प्रोब आणि शेजारी तापमानाची सळई. अ‍ॅक्युरसी ०.०२. प्रोब बीएनसी जोडणीचा आहे, म्हणजे जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या धाटणीची फिरवून बसवायची टोपी. उद्या प्रोब मेला तर दुसऱ्या कंपनीचाही बसतो. माझ्याकडे हाच आहे. फक्त डबा पाण्यात पडू द्यायचा नाही.

हॅना पीहेप ५. पेनासारखा, पाण्यात पडला तरी चालतो, अ‍ॅक्युरसी ०.०५, खालचा प्रोब बदलता येतो. हातात धरायला सोपा.

अपेरा पीएच ६०. हाही पेन, अ‍ॅक्युरसी ०.०१, प्रोब बदलता येतो. त्यांचाच पीएच २० स्वस्त आहे, पण अ‍ॅक्युरसी ०.१ आणि प्रोब बदलता येत नाही. प्रोब गेला की अख्खा मीटर कचऱ्यात.

माझं मत विचाराल तर प्रोब बदलता येत नसेल तर तो मीटर घेऊच नका, मग तो कितीही स्वस्त असो. आणि ०.०५ च्या आतली अ‍ॅक्युरसी. या दोन चाळण्यांतून जो खाली पडेल तो घ्या, ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

चुना_गंधक

रेडिंगकर, विस्कॉन्सिनकरांनी मीटरची निवड नीट सांगितली आहे. मी मीटरच्या टोकाला जो काचेचा फुगा असतो त्याच्याबद्दल लिहितो, कारण आकडा तिथे तयार होतो. बाकीचा डबा तो फक्त वाचून दाखवतो.

मी बिअर करत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी करायला कायद्यानं परवानगीच नाही. पण कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, आणि गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस सामू, म्हणजे पीएचच, बघणं हेच काम. ऊस पिळून आलेल्या मिश्र रसाचा सामू ५.२ ते ५.५ च्या घरात असतो. तुमच्या मॅशचा जो पट्टा आहे तोच हा. त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा धूर सोडून रस सातावर आणायचा. सातच्या खाली राहिला तर उकळताना साखर फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन मळीत जाते. फार वर गेला तर रस काळवंडतो. दोन्हीकडे नुकसान, त्यामुळे मीटर खोटं बोलला तर शिफ्टच्या केमिस्टला जाब द्यावा लागायचा. तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

आधी तुमचा एटीसीचा प्रश्न, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते.

काचेचा फुगा व्होल्टेज देतो. पीएच ७ ला शून्य, आणि त्यापुढे २५ अंशांना दर एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट. तापमान वाढलं की हा आकडा वाढतो, ६६ अंशांना तो ६७ च्या वर जातो. एटीसी एवढंच करतं: तापमान बघून कोणत्या आकड्यानं भागायचं ते ठरवतं. म्हणजे ते प्रोबची चूक सुधारतं. पण गरम केल्यावर वर्टचा स्वतःचा पीएच खरोखरच खाली जातो, कारण त्यातली आम्लं जास्त प्रमाणात सुटी होतात. त्याला एटीसी हात लावत नाही, लावू शकतही नाही. मॅशच्या तापमानाला मोजलेला पीएच खोलीच्या तापमानाला मोजलेल्यापेक्षा साधारण ०.३ नं कमी येतो. तुम्ही ६६ अंशांच्या मॅशमध्ये प्रोब बुडवलात आणि ५.१ दिसला, तर तोच नमुना गार केल्यावर ५.४ च्या आसपास दिसेल. मीटर दोन्ही वेळा बरोबरच आहे. पुस्तकांत आणि आजच्या रेसिपींत जो ५.२ ते ५.६ चा पट्टा दिलेला असतो तो बहुतेक ठिकाणी गार नमुन्याचा. गरम आकडा बघून कुणी मॅशमध्ये खडूची भुकटी टाकायला गेला तर चांगलं चाललेलं काम बिघडवून बसेल.

दुसरं कारण प्रोबच्या आयुष्याचं. गरम वर्टमध्ये वारंवार बुडवला की फुग्याची काच आणि आतला संदर्भ इलेक्ट्रोड दोन्ही लवकर थकतात. एरवी नीट सांभाळलेला प्रोब दीड-दोन वर्षं जातो, उकळत्या रसात बुडवणाऱ्यांचे प्रोब आमच्याकडे एका हंगामात जायचे.

तर नमुना गार करा. स्टीलची छोटी वाटी आधी फ्रीजरमध्ये ठेवायची. मॅश नीट ढवळून, पाणी आणि माल्ट एकत्र झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे वर्ट त्या वाटीत घ्यायचा. दाण्यांचे कण येऊ द्यायचे नाहीत. वाटी थंड पाण्यात धरून गोल फिरवली की मिनिटाभरात २० ते २५ अंशांवर येतो. मग प्रोब बुडवून हलकेच एकदा हलवायचा, म्हणजे फुग्याखाली हवेचा बुडबुडा अडकला असेल तर निघतो, आणि मग हात स्थिर. आकडा धावतो, मग रांगतो, मग थांबतो. थांबेपर्यंत वाचायचं नाही. काही मीटर स्थिर झाल्याची खूण दाखवतात, ती खूण घाईनं येते, तिच्यानंतरही थोडं थांबा.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे बफरवर मीटर जुळवून घेणं. बिअरचं सगळं काम ४ आणि ७ च्या मधे चालतं, तेव्हा हे दोन बफर पुरेत, १० ची गरज नाही. आधी ७, मग ४. ७ नं शून्य बसतं, ४ नं उतार बसतो. मधे प्रोब साध्या पाण्यानं धुवायचा आणि टिश्यूनं टिपायचा. पुसायचा नाही, पुसला की काचेवर विद्युतभार बसतो आणि आकडा डळमळतो. प्रत्येक ब्रूच्या सकाळी हे करायचं. रोज वापरत असाल तर गोष्ट वेगळी, पण महिन्यातून एकदा मीटर बाहेर काढणाऱ्यानं कॅलिब्रेशन न करता मोजलेल्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

बफरच्या बाटलीत प्रोब बुडवायचा नाही आणि वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही. छोटी पाकिटं मिळतात, एका वेळची, ती घ्या. महाग वाटतात, पण उघडून वर्ष झालेल्या बाटलीवर ०.०२ चा मीटर लावणं म्हणजे त्या दशांशाला काही अर्थच उरत नाही. तुमच्या बजेटमधले वीस टक्के बफर आणि साठवणीच्या द्रावणासाठी बाजूला काढा, उरलेल्यात मीटर बसवा. विस्कॉन्सिनकरांशी माझा मतभेद असेल तर एवढाच: ०.१ चा मीटर ताज्या बफरवर लावून गार नमुन्यात वापरला तर तो ०.०१ चा मीटर जुन्या बफरवर लावून गरम मॅशमध्ये बुडवण्यापेक्षा जास्त खरा आकडा देईल.

आणि प्रोब घेताना विचारा, डबल जंक्शन आहे का. संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये चांदीचा क्षार असतो. सिंगल जंक्शनमध्ये तो द्रव थेट बाहेरच्या नमुन्याला भिडतो, आणि वर्टमध्ये प्रथिनं भरपूर. दोन्ही मिळून जंक्शनची बारीक छिद्रं बुजतात, तिथे काळपट डाग दिसायला लागतो आणि आकडा स्थिर व्हायला वेळ घेतो. डबल जंक्शनमध्ये मधे आणखी एक कप्पा असल्यानं हे बरंच टळतं. रसासाठी आम्ही दुसरे वापरतच नव्हतो.

जाता जाता एक सांगायला हवं, कारण बिअर करणाऱ्याला याचा आनंद वाटेल. पीएच ही मोजणीच बिअरच्या कारखान्यातून आली. एस. पी. एल. सोरेनसेन हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होते, तिथे एंझाइमवर काम करताना त्यांनी १९०९ साली ही पट्टी मांडली. मॅशमध्ये स्टार्चची साखर होते ती एंझाइममुळेच. पुढे १९३४ साली कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आंबटाई मोजायला इलेक्ट्रॉनिक मीटर बनवला. रसवाल्यांचा आणि बिअरवाल्यांचा हा वारसा सामायिक आहे.

नाशिकची_मीनल

चुना_गंधक काका, मधेच घुसते. मी घरी कोंबुचा करते, बिअर नाही. मला एवढा बारीक मीटर लागेल का? आणि बफर तेच चालतील?

चुना_गंधक

मीनलताई, तुमचं काम सोपं आहे. कोंबुचा आठवड्याभरात ४.२ च्या खाली यायला हवा आणि २.५ च्या खाली जाऊ नये, एवढंच बघायचं. त्याला ०.१ चा मीटर पुरतो. बफर ४ आणि ७ चेच घ्या. तुमचा नमुना ४ च्याही खाली जातो, तिथे थोडा फरक पडेल, पण तुम्हाला हवा त्या निर्णयासाठी तो चालेल. मात्र बाटलीतला फसफसणारा नमुना तसाच मोजू नका. पेल्यात ओतून चमच्यानं ढवळून गॅस घालवा, मग मोजा. रेडिंगकर, तयार बिअर मोजताना तुम्हालाही हेच लागू.

बांबेर्गवासी

मी जर्मनीत बांबेर्गला असतो, इथल्या माल्टच्या वासात सकाळ होते. इथले ब्रूअर पीएच खाली आणायला साउअरमाल्ट वापरतात, म्हणजे लॅक्टिक जीवाणूंनी आंबवलेलं माल्ट. १५१६ च्या शुद्धतेच्या कायद्याच्या परंपरेत बाटलीतलं आम्ल ओतायला परवानगी नाही, पण दाण्यावर नैसर्गिकपणे तयार झालेलं आम्ल चालतं, म्हणून ही वाट. ढोबळ हिशोब असा की एकूण माल्टच्या एक टक्का साउअरमाल्टनं मॅशचा पीएच साधारण ०.१ नं उतरतो. रेडिंगकर, मीटर आल्यावर हे करून बघा. वजनाच्या काट्यावर मोजायचं असल्यानं हात चुकत नाही.

रेडिंगकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं एटीसीचं स्पष्टीकरण मी प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावलं आहे.

पीहेप ५ मागवला, पेन हातात बसतो म्हणून. बफरची पाकिटं आणि साठवणीचं द्रावण सोबतच. मत्स्यालयवाले वापरतात ते सॅलिफर्टचं अल्कलिनिटीचं, म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं ते मोजायचं, किटही मागवलं. त्यात नळाचं पाणी तपासलं. रंगाचे थेंब टाकून सिरिंजनं आम्ल सोडत गेलो, निळसर हिरवं पाणी एका थेंबाला एकदम गुलाबी-नारिंगी झालं. हिशोब केला तर अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला सुमारे २६० मिलिग्रॅम.

मग शनिवारी पेल एल लावलं. पाण्याला काहीही न करता, मुद्दामच, आधी परिस्थिती कळावी म्हणून. दहा मिनिटांनी गार नमुना: ५.८२. शेवटी माल्ट धुवायला वरून पाणी घातलं, तो स्पार्ज संपत आला तेव्हा नळीतून येणारा पातळ वर्ट मोजला: ६.३.

हे आकडे किती वाईट? आणि आता दुरुस्ती कशानं करू, साउअरमाल्टनं, लॅक्टिक अ‍ॅसिडनं की आणखी कशानं?

नॉटिंगहॅमची_वृंदा

रेडिंगकर, तुमचा तुरटपणा त्या ६.३ मध्ये आहे. स्पार्जच्या शेवटी साखर संपते, माल्टमधले पीएच धरून ठेवणारे घटकही वाहून जातात, मग तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी एकटी उरते आणि पीएच वर ढकलते. ६ च्या वर गेला, त्यात पाणी ७७ अंशांपेक्षा गरम असलं, की दाण्यांच्या सालींतून टॅनिन सुटायला लागतं. ते टॅनिन पेल्यापर्यंत येतं. मॅशचा ५.८ दुरुस्त करायलाच हवा, पण तुमच्या जिभेला जे जाणवतं त्याचा मोठा वाटा स्पार्जचा आहे.

स्टाउट चांगला का होतो तेही यातच आहे. भाजलेलं काळं माल्ट स्वतः आम्लधर्मी असतं, ते तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी खाऊन टाकतं. लंडनचा पोर्टर आणि डब्लिनचा स्टाउट असल्याच कार्बोनेटच्या पाण्यावर वाढले. उलट पिल्सनचं पाणी अगदी मऊ, तिथे सोनेरी लागर जन्मला. तुमचं पाणी वाईट नाही, ते काळ्या बिअरचं पाणी आहे.

बांबेर्गवासींची सूचना मऊ पाण्यासाठी उत्तम, पण तुमच्यासाठी पुरणार नाही. ५.८२ वरून ५.४ ला यायचं म्हणजे चार टक्क्यांवर साउअरमाल्ट, आणि स्पार्जच्या पाण्याला त्यानं काहीच होत नाही. ८० टक्क्यांचं लॅक्टिक अ‍ॅसिड घेतलं तर २५ लिटर पाण्यातली २३० मिलिग्रॅम अल्कलिनिटी मारायला ११ मिलिलिटरच्या आसपास लागेल. तेवढं लॅक्टिक फिकट बिअरमध्ये जिभेला जाणवू लागतं.

इंग्लंडात यासाठी सीआरएस मिळतं. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं मिश्रण आहे, इथल्या मर्फी अँड सनचं एएमएस या नावानं येतं, घरगुती ब्रूइंगच्या दुकानांत सीआरएस म्हणून. कार्बोनेट जातं आणि मागे क्लोराइड आणि सल्फेट राहतात, ते इंग्लिश एलला हवेच असतात. लिटरला एक मिलिलिटर घातलं की अल्कलिनिटी सुमारे १८० नं उतरते. तुम्हाला २६० वरून ३० वर आणायची, म्हणजे २३० उतरवायची, तर लिटरला सव्वा मिलिलिटरच्या थोडं वर. २५ लिटरला ३२ मिलिलिटर धरा. मॅशचं आणि स्पार्जचं, दोन्ही पाणी एकदमच करा. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या, आम्ल पाण्यात घाला आणि ढवळा. पाणी फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघतो, तो निघू द्या. क्लोरीन घालवायला अर्धी कॅम्पडेन गोळी त्याच वेळी चुरून टाका. मग किटनं अल्कलिनिटी पुन्हा तपासा, ३० च्या जवळ आली की मगच माल्ट ओता.

मीटर घेतलात हे चांगलं केलंत, पण त्याच्याकडून पाण्याची तपासणी करून घेऊ नका. नळाच्या पाण्याचा पीएच ७.३ असो की ७.८, त्यावरून मॅशचं काही कळत नाही. पाण्याची अल्कलिनिटी किटनं, मॅशचा पीएच मीटरनं. कॅल्शियमही हवं, ते माल्टमधल्या फॉस्फेटला धरून खाली बसतं आणि त्या क्रियेत पीएच उतरतो. तुमच्या पाण्यात ते आधीच भरपूर असतं. पाउल कोलबाख यांनी हा संबंध सूत्रात मांडला आहे: अल्कलिनिटीतून कॅल्शियमचा साडेतिनावा आणि मॅग्नेशियमचा सातवा भाग वजा करायचा, उरेल ती शेष अल्कलिनिटी. सगळे आकडे एकाच मापात घ्यायचे. फिकट बिअरला ती शून्याजवळ किंवा त्याखाली हवी.

रेडिंगकर

वृंदाताई, काल तुमच्या प्रमाणानं केलं. अल्कलिनिटी ३० च्या जवळ आली. तेच मॅरिस ऑटर, तेच हॉप्स. मॅशचा गार नमुना ५.४१, स्पार्जच्या शेवटचा ५.७. वर्ट चाखला, शेवटच्या धारेतही तो तुरट कडा नव्हता. हॉप्सचा कडूपणा नंतर येईल तो येईल, पण दाण्याची गोडी आता स्वच्छ लागते. फर्मेंटरमध्ये आहे.

काका, एक प्रश्न तुम्हाला. आज मीटर काढला तर टोपीच्या कडेला पांढरे खडे जमलेले. प्रोब खराब झाला का? आणि ब्रूनंतर तो नेमका कसा धुवून ठेवायचा?

चुना_गंधक

रेडिंगकर, आकडे वाचून फार बरं वाटलं. ५.४१ म्हणजे अगदी मधोमध.

पांढरे खडे म्हणजे साठवणीच्या द्रावणातलं पोटॅशियम क्लोराइड, पाणी उडालं की मीठ मागे राहतं. प्रोबला काही झालेलं नाही. कोमट पाण्याखाली धरा, विरघळून जातील. नखानं खरवडू नका.

ब्रूनंतर वर्ट काचेवर वाळू द्यायचा नाही, वाळला की प्रथिनांचा पडदा बसतो. लगेच कोमट पाण्याखाली धरायचा. पडदा बसलाच तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, मग नीट धुऊन साठवणीच्या द्रावणात, मग पुन्हा कॅलिब्रेशन. टोपीत द्रावणाचे इतके थेंब असावेत की फुगा बुडालेला राहील. द्रावण संपलं तर घरी करता येतं: तीन मोलरचं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध क्षार साडेबावीस ग्रॅम घेऊन एकूण द्रव शंभर मिलिलिटर होईल एवढंच डिस्टिल्ड पाणी. नुसत्या डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात प्रोब ठेवायचा नाही, आतले क्षार बाहेर ओढले जातात आणि प्रोब मंद होतो. कधी टोपी कोरडी पडलीच तर रात्रभर साठवणीच्या द्रावणात ठेवा, बहुतेक वेळा सकाळी जागा होतो.

प्रोब म्हातारा झाला हे ओळखायचं कसं तेही लिहून ठेवतो. ब्रू संपल्यावर पुन्हा ४ च्या ताज्या बफरमध्ये बुडवून बघा. ३.९५ ते ४.०५ च्या बाहेर गेला असेल तर त्या दिवसाचे आकडे जपून घ्या. आणि ४ वर यायला नव्या प्रोबला काही सेकंद लागतात, तिथे मिनिट-दोन मिनिटं लागायला लागली आणि धुऊनही फरक पडला नाही, की नवा मागवायची वेळ झाली. नवा आधीपासून घेऊन कपाटात ठेवू नका, काच न वापरताही म्हातारी होते. मागवताना उत्पादनाची तारीख विचारून घ्या.